वर्गणी कोणी भरली?

गावाच्या नळपाणी योजनेच्या खर्चातील दहा टक्के वाटा गावाने उचलावा, हा नियम आता बराच जुना आहे. २५ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या स्वजलधारा योजनेत तो होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ पासून महाराष्ट्रात राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात तो होता. आणि २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्येही, गावांतर्गत कामांपुरता, तो आहे. डोंगराळ आणि वनक्षेत्रातील गावांत, तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत हा वाटा पाच टक्क्यांवर येतो. यामागचा विचार समजायला अवघड नाही. ज्याच्या पदरचे शंभर रुपये गेले, तो पाइप किती इंची टाकला, टाकीच्या तळाला ओल का आली, हे विचारायला येतो. प्रत्यक्षात मात्र कितीतरी गावांत ही वर्गणी गावाने भरलेलीच नसते. ठेकेदार ती एकरकमी भरतो, बँकेची पावती फाइलला लागते, आणि पुढे ती रक्कम कामाच्या दर्जातून वसूल होते. गावकऱ्यांना यात काही गैर वाटत नाही. उलट दारोदार फिरून पैसे गोळा करण्याचा त्रास वाचवला म्हणून सरपंचाचे कौतुकच होते. कागदावर लोकसहभाग पूर्ण झालेला असतो, आणि टाकी बांधून होण्याआधीच तिच्याबद्दल जाब विचारण्याचा गावाचा हक्क गेलेला असतो.

हा विषय माझ्या मनातून जात नाही, त्याला कारण आहे. ओळखीच्या काही मंडळींनी चालवलेल्या एका लहानशा न्यासाकडे गावांचे अर्ज येतात आणि ते वाचण्याचे काम माझ्याकडे असते. न्यासाची ऐपत बेताची आहे. पंचवीस हजारांपासून फार तर दोन लाखांपर्यंत रक्कम देता येते. कोणाला जुन्या आडावर कठडा आणि जाळी हवी असते, कोणाला शाळेच्या आवाराला कुंपण, कोणाला पाझर तलावातला गाळ काढण्यासाठी डिझेलचा खर्च, कोणाला स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी चार टेबले आणि एक पंखा. अर्जांची भाषा मात्र एकच असते, कारण तालुक्याच्या ठिकाणी बसणारा एकच संगणकचालक पंधरा गावांचे अर्ज टाइप करून देतो, आणि त्याच्या यंत्रात ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द आधीपासून तयार असतात. म्हणून मी अर्ज बाजूला ठेवते आणि सोबत जोडलेली ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आधी वाचते. सूचक कोण, अनुमोदक कोण, सभा कोणत्या तारखेची आणि ती मूळ सभा की तहकूब सभा, एवढ्यावरून पुष्कळ काही कळते.

तहकूब सभेचे प्रकरण बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी आहे. हजार-दीड हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे जमवणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे. पण ती जमली नाहीत, तर सभा तहकूब करून पुन्हा भरवता येते आणि त्या दुसऱ्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. ही सवलत कामे अडू नयेत म्हणून ठेवलेली. तिचा उपयोग मात्र असा होतो की पहिली सभा जमणारच नाही याची कोणीतरी काळजी घेतो आणि दुसऱ्या सभेत बारा जणांच्या साक्षीने वर्षाचा आराखडा मंजूर होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांच्या सभांना झेंडावंदनाच्या निमित्ताने माणसे आलेली असतात, मुले गोळ्या-बिस्किटे घेऊन घरी गेली की मोठेही उठतात, आणि मग हजेरीच्या वहीवर सह्या घेत शिपाई घरोघर फिरतो. अशा गावाला दोन लाख दिले काय किंवा वीस लाख दिले काय, त्यांचे नियोजन तेच बारा जण करणार.

काम सुरू होण्याआधी गावाने काय केले, याला मी पैशापेक्षा अधिक महत्त्व देते, आणि ही काही माझी स्वतःची कल्पना नाही. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, फादर हर्मन बाखर या स्वित्झर्लंडहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी पाणलोटाच्या कामाला जे वळण दिले, त्यातून ही गोष्ट पद्धत म्हणून उभी राहिली. जर्मन साहाय्य आणि नाबार्ड यांच्या जोडीने चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात, आणि त्यासाठी १९९३ साली स्थापन झालेल्या वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) या संस्थेच्या कामात, गावाची निवड अर्जावर होत नसे. गावाने आधी सलग काही दिवस सगळ्यांनी मिळून श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मग लहानशा क्षेत्रावर काम मिळायचे, आणि ते नीट झाले तरच पूर्ण शिवाराचा प्रकल्प हाती यायचा. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के वाटा श्रमदानाचा असे. बांध कुठे घालायचा, कोणते झाड लावायचे, हे कार्यालयातल्या नकाशावर न ठरवता प्रत्येक शेताच्या बांधावर उभे राहून, शेतकरी आणि त्याची बायको दोघांच्या देखत ठरवले जाई. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. १९९६ ते २००१ या काळात तिथे काम झाले आणि टँकरवर जगणाऱ्या गावाचे रूप पालटले.

दरेवाडीसारख्या गावांच्या यशोगाथा वाचताना माझे लक्ष चराईबंदीवर अडकते. पाणलोटाच्या कामात माथ्यापासून पायथ्याकडे यायचे असते, म्हणजे सगळ्यात आधी डोंगर बंद करायचा. डोंगर कोणाचा? कागदोपत्री वनखात्याचा किंवा गायरान. वापरात मात्र ज्यांच्याकडे शेती नाही आणि चार शेळ्या आहेत त्यांचा. पाणी कोणाच्या विहिरीला येणार? पायथ्याला ज्याची जमीन आहे त्याच्या. म्हणजे डोंगर बंद होण्याचा तोटा पहिल्या दिवसापासून भूमिहीनाला, आणि पाण्याचा फायदा तीन-चार वर्षांनी बागाईतदाराला. श्रमदानाचेही तसेच. ज्याची रोजची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याचे चार दिवसांचे श्रम आणि ज्याचा ट्रॅक्टर गड्याच्या हाती आहे त्याचे चार दिवसांचे श्रम, हे वहीत सारखे लिहिले जातात, पण सारखे नसतात. इंडो-जर्मन कार्यक्रमाने भूमिहीन आणि एकट्या स्त्रियांच्या कुटुंबांना श्रमदानातून सूट दिली होती, हे त्या मंडळींच्या समजूतदारपणाचे लक्षण म्हणावे लागेल. नंतरच्या कित्येक योजनांनी आणि मोहिमांनी श्रमदान घेतले आणि सूट विसरली. लोकवर्गणीचा आग्रह धरणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा प्रश्न कोणीतरी वारंवार विचारायला हवा, की दर घरी सारखी रक्कम हा न्याय आहे, की ज्याला मोजणे सोपे त्यालाच न्याय म्हणण्याची सोय आहे. गावे याचे उत्तर बऱ्याचदा आमच्याहून चांगले शोधतात. एकरी दराने वर्गणी ठरवण्याची, किंवा नळजोडणी घेणाऱ्याकडून वेगळी आणि सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्याकडून वेगळी रक्कम घेण्याची पद्धत मी अर्जांत पाहिली आहे, आणि तो तपशील ज्या ठरावात असतो त्या ठरावामागे भांडण झालेले असते, हे नक्की. भांडणाशिवाय असा दर ठरतच नाही.

पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतरचा हिवरे बाजारचा प्रवास मराठी वाचकांना इतका परिचित आहे की तो पुन्हा सांगण्याची गरज नाही. योजना तिथे अनेक आल्या, आदर्श गाव योजनेचा पैसाही आला, आणि अभ्यासदौऱ्यांच्या गाड्या आजही तिथे माथ्यावरचे चर आणि बंधारे पाहायला थांबतात. माझ्या मते तिथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फोटोत येत नाही. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिके पाटपाण्यावर घ्यायची नाहीत, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पडलेल्या पावसाची मोजदाद करून, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्यात रब्बीचे काय घेता येईल हे ग्रामसभेत ठरवायचे. या तीन निर्णयांना एक रुपयाही अनुदान लागत नाही. चर आणि बंधारे पैशांनी होतात, शेजारच्या तालुक्यातही झाले आहेत; पण साठलेले पाणी चार बोअर मारून दोन वर्षांत कोण उपसून नेणार नाही, याची हमी कोणतीही योजना देत नाही. पाणलोटाची कामे होऊनही पुन्हा टँकर लागणारी गावे मराठवाड्यात पाहिली की हे फार स्पष्ट दिसते. पाणी अडवण्यापर्यंत सगळे गाव एकत्र होते. पाणी वाटण्याची वेळ आली तेव्हा ज्याची मोटार मोठी त्याचे पाणी झाले.

अनुदान नाकारता येणे, ही गावाच्या पुढाकाराची मला सर्वांत खात्रीची खूण वाटते, आणि त्यासाठी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाकडे पाहावे लागते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या पाचशेच्या आसपास वस्तीच्या गोंड गावाची घोषणा सर्वत्र पोहोचली आहे. तिच्यामागची रीत तेवढी पोहोचलेली नाही. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी, तसेच त्यांच्यासोबत दीर्घकाळ काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे दोन वेगळ्या बैठका रुजवल्या. अभ्यास गटात कोणीही यावे, बाहेरच्याने आपली माहिती सांगावी, प्रश्न विचारावेत, कायदा वाचावा. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. ज्यांना ३१ मार्चच्या आत पैसे खर्च करायचे असतात त्यांना ही पद्धत असह्य होईल. परंतु तिच्यामुळेच गावाला बाहेरून आलेल्या प्रस्तावाला ‘थांबा’ म्हणता येते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतरही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार गावाकडे येत नव्हता. तो २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा, ग्रामसभेच्या हाती पडला. त्यानंतर बांबूच्या विक्रीतून गावाने जे मिळवले ते कोणाचे अनुदान नव्हते. ग्रामसभेच्या खात्यात स्वतःचे पैसे असले की अनुदान देणाऱ्याशी बोलण्याचा गावाचा सूर बदलतो, हे मी आमच्याकडे येणाऱ्या गडचिरोलीच्या मोजक्या अर्जांतही अनुभवले आहे. त्यांत विनंती कमी असते आणि अटी जास्त असतात, आणि मला ते आवडते.

सरकारला हे कळत नाही असे मुळीच नाही. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या, ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. त्यात प्रत्येक गावाचा किंवा पाड्याचा लोकसंख्येप्रमाणे हिस्सा ठरवून ग्रामसभा कोष समितीमार्फत तो खर्च करण्याची व्यवस्था आहे. एका गटग्रामपंचायतीत पाच पाडे असले की सरपंच ज्या पाड्याचा त्या पाड्याला रस्ता, ही रीत त्यामुळे निदान नियमात तरी मोडली गेली. वित्त आयोगाच्या पैशांचे मात्र उलट झाले आहे. चौदाव्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० मध्ये, निधी थेट ग्रामपंचायतींकडे आला, त्याच सुमारास ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणत गावोगाव शिवारफेऱ्या निघाल्या, आराखडे झाले. पंधराव्या आयोगात २०२१ पासून त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित झाला, म्हणजे दुसऱ्या कामाला वापरता येईना, आणि उरलेला ४० टक्के अबंधित राहिला. पाणी आणि स्वच्छता या गोष्टी आवश्यकच आहेत, त्यावर वाद नाही. पण ज्या गावाने गेल्या पाच वर्षांत पाण्याचे काम पुरे केले आणि ज्याला आता अंगणवाडीचे छत दुरुस्त करायचे आहे, त्याने बंधित निधीत छत बसवायचे कसे? मग गटारावर गटार होते. त्यात भर ऑनलाइन देयकांची: सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या, त्यांची मुदत, संकेतस्थळाची संथ गती. यामुळे रोखीतल्या गैरव्यवहाराला चाप बसला हे मान्य करायलाच हवे. सोबत असेही झाले की गावाच्या पैशाचे अंतिम बटण कोणाच्या तरी तालुक्यातल्या संगणकावर गेले.

बक्षिसाच्या पैशाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आधी पैसे मिळत नसत. गावाने आपल्या बळावर झाडायचे, शोषखड्डे खणायचे, भिंती रंगवायच्या, आणि मग तपासणी समिती यायची. पाणी फाउंडेशनच्या, गावांमधल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेनेही २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरुवात करताना तेच सूत्र ठेवले. पंचेचाळीस दिवसांच्या त्या पहिल्या स्पर्धेत कोरेगावच्या वेळू गावाला ५० लाखांचे पहिले बक्षीस मिळाले. एरवी एकमेकांच्या वावरातून न जाणारे लोक भल्या पहाटे कुदळ-फावडे घेऊन एकत्र आले, हे खरे होते आणि विलक्षण होते. स्पर्धेने माणसे जागी होतात, पण तपासणी झाल्यावर काय? गाडगेबाबा अभियानात बक्षीस मिळवलेल्या गावांचे रंगवलेले फलक पुढे कित्येक वर्षे वेशीवर उभे होते, त्यांच्या मागचे उकिरडेही परत आले होते. शिवाय जो दुसरा-तिसरा आला नाही, त्या गावाने केलेल्या कामाचे मोल त्याच्याच नजरेत कमी होते. आमच्या न्यासाने स्पर्धा घ्यावी अशी सूचना आली होती तेव्हा मी विरोध केला तो यासाठीच.

देखभालीचा विषय अर्जांत क्वचित येतो, आणि गावातल्या योजना नेमक्या तिथेच मरतात. नळपाणी योजना सहसा पाइप फुटून बंद पडत नाही. ती वीजबिल थकल्यामुळे बंद पडते. पाणीपट्टी वर्षाला ठरलेली, तीही निम्म्या घरांची वसूल होणारी, निवडणुकीच्या वर्षी तर कोणीच मागायला जात नाही, आणि पंप चालवणाऱ्या माणसाचा पगार चार-चार महिने राहतो. जलस्वराज्यात महिलांच्या समित्यांवर आणि सामाजिक लेखापरीक्षणावर भर होता. ज्या गावांत त्या समित्या खऱ्या होत्या, तिथे पाणीपट्टीचा दर बायकांनी ठरवला आणि थकबाकीदाराच्या घरी त्याच गेल्या. त्यांना पाणी बंद पडण्याचा अर्थ डोक्यावरच्या हंड्यासकट माहीत असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. तिचे इतिवृत्त मात्र बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकाच्या हस्ताक्षरात, ग्रामसभेच्याच दिवशी, ग्रामसभेच्याच शब्दांत लिहिलेले सापडते.

म्हणून आता मी अर्जासोबत तीन कागद मागवते. महिला सभेचे इतिवृत्त, वर्गणीच्या नावनिहाय पावत्या आणि मागच्या वर्षीच्या पाणीपट्टी वसुलीची नोंदवही. पावतीपुस्तकात शंभर-दोनशेच्या नोंदी, मध्येच एखादी वीस रुपयांची, कुठे ‘श्रम दिले’ असा शेरा, कुठे खाडाखोड, असे असले की मी पुढे वाचते. सगळ्या पावत्या एकाच दिवशी, एकाच शाईत, एकाच रकमेच्या असल्या की फोन करते. न्यासातील सहकाऱ्यांना हा काटेकोरपणा जाचक वाटतो, एवढ्याशा रकमेसाठी गावाला इतके पळवायचे का, असे ते विचारतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या गावात लिहिता-वाचता येणारी माणसे शहरात गेली आहेत, तिथे हे तीन कागद जमवणे दोन बंधारे बांधण्याहून कठीण असते. अशा ठिकाणी पहिल्या वर्षी बंधाऱ्याला पैसे न देता, वही ठेवायला गावातल्याच एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मानधन द्यावे, असा प्रस्ताव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तो मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. वहीचा फोटो देणगीदारांना पाठवण्यासारखा येत नाही, ही अडचण बैठकीत कोणीतरी काढणारच.